टीव्ही एव्हीवर गेला

हिंजवडीशेजारच्या माणमध्ये संध्याकाळी सातच्या सुमाराला दोन गोष्टी ठरलेल्या. एक, आयटी पार्काच्या फेज थ्रीतून सुटलेल्या गाड्या गावातल्या रस्त्यावर एकमेकींना चिकटून उभ्या. दुसरी, आमच्या जिन्यात तळमजल्यावरून वर गेलेली आईची हाक, "अरे, वर कुणी आहे का? टीव्ही परत एव्हीवर गेलाय!"

वरच्या खोल्यांत भाड्याने राहणारी पोरं दिवसभर आयटी पार्कात कुठल्याशा परदेशी बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात. त्यातला एखादा अनवाणीच खाली यायचा, टीपॉयवरच्या रिमोटांपैकी एक उचलायचा, दोन-तीनदा काहीतरी दाबायचा आणि मालिका परत लागायची. "काय केलंस रे?" "काही नाही काकू, सोर्स बदलला." काकूंना त्यातून काही कळत नसे. खरं तर कळण्यासारखं त्यात फारसं नव्हतंही, कारण काल तीनदा दाबून जे साधलं ते आज तीनदा दाबून साधत नव्हतं.

हा 'एव्ही' शब्द आमच्याकडे जुन्या टीव्हीबरोबर आला आणि तो टीव्ही भंगारात गेल्यावरही राहिला. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिना मागे खोचल्या की व्हीसीआर चालायचा. त्या पिनांकडे टीव्हीला वळवणारं बटण म्हणजे एव्ही. आता आमच्या घरात त्या पिना कुणी वापरत नाही. पण पडदा काळा पडून त्यावर 'नो सिग्नल' तरंगायला लागलं की म्हणायचं तेच, एव्हीवर गेला. अशा वेळी टीव्ही बिघडलेला नसतो, चुकीच्या दाराकडे तोंड करून बसलेला असतो, एवढंच. आमच्या टीव्हीला अशी तीन दारं वापरात आहेत. एचडीएमआय वनवर डिशचा सेट टॉप बॉक्स, टूवर सिनेमे दाखवणारी स्टिक, थ्रीवर पुतण्याचा गेमचा डबा. चार यंत्रं, चार रिमोट. त्यातल्या दोघांना आईने प्लास्टिकची पिशवी घालून रबरबँड लावलेलं. (तिला बोलायची सोय नाही. पातळ पारदर्शक प्लास्टिकमधून रिमोटचे किरण आरपार जातात.)

शेवटी मीच एका रविवारी पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन एक युनिव्हर्सल रिमोट आणला. इतर रिमोटांचे कोड शिकणारा आणि एका बटणावर तीन-चार कोड ओळीने पाठवणारा हवा, असं दुकानदाराला बजावून सांगितलं होतं. आईला तीनच बटणं द्यायची होती: लाल दाबलं की मालिका, हिरवं दाबलं की सिनेमा, पिवळं दाबलं की गेम. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. तीन आठवडे लागले.

का लागले, हे कळायला एसटीत बसावं लागेल. कंडक्टर मागे, ड्रायव्हर पुढे, मधे माणसं आणि बोचकी. दोघांमध्ये बोलणं नाही, छतालगत एक दोरी आहे. एकदा ओढली की थांब, डबल बेल दिली की निघ. ड्रायव्हर उलटून "बरं" म्हणत नाही. रिमोटचंही तसंच आहे. तो फक्त बेल देतो. टीव्हीने ऐकलं का, ऐकून काय केलं, आत्ता टीव्ही कुठल्या दाराशी आहे, यातलं त्याला काहीही कळत नाही. कंडक्टरला निदान गाडी थांबलेली जाणवते. रिमोटला तेवढीही सोय नाही.

रिमोटची बेल म्हणजे प्रकाशाची उघडझाप. पुढच्या टोकाला जो छोटा काचेसारखा दिवा असतो, तो साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडतो. आपल्या डोळ्यांची धाव तांबड्यापाशी, सातशेच्या थोडं पुढे संपते, म्हणून तो दिवा आपल्याला कायम विझलेलाच वाटतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र तो बहुधा दिसतो. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा रिमोटच्या टोकाकडे धरून बटण दाबा, जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. रिमोट तळहातावर आपटण्याआधी ही तपासणी करावी.

पण अवरक्त किरण उन्हातही असतात, चुलीतही असतात. त्या गदारोळात रिमोट ओळखू यावा म्हणून त्याचा दिवा नुसता लागत नाही, सेकंदाला ३८ हजार वेळा थरथरतो. टीव्हीतलं ग्राहक यंत्र फक्त त्या थरथरीकडे कान लावून बसतं. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. 'रिमोटवर चालणारा पंखा' हा प्रोजेक्ट करताना टीएसओपी १७३८ नावाचा तीन पायांचा काळा मणी त्यातल्या कित्येकांनी विकत घेतलेला असतो. त्या नावातला ३८ म्हणजे हेच ३८ किलोहर्ट्‌झ. सोनीची थरथर ४० हजारांची, फिलिप्सने रूढ केलेल्या आरसी-५ पद्धतीत ३६ हजारांची.

या थरथरीचे लांब-आखूड तुकडे पाडून शब्द बनतात. सर्वात जास्त आढळणारी एनईसी पद्धत घेऊ. आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाळी आणि साडेचार मिलिसेकंदांची शांतता: ऐका हो ऐका. मग ३२ खुणा. प्रत्येक खुणेत एक आखूड चमक आणि तिच्यामागे शांतता. शांतता छोटी तर शून्य, मोठी तर एक. पहिल्या आठ खुणा म्हणजे पत्ता, कुणाशी बोलतोय ते. पुढच्या आठ म्हणजे तोच पत्ता उलटा करून, शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. मग आठ खुणांचा हुकूम, आणि शेवटी तो हुकूमही उलटा करून. सुलट आणि उलट जुळले नाहीत तर टीव्ही ते बोलणं कानाआड करतो. या उलटापालटीमुळे प्रत्येक निरोपात शून्य आणि एक सारखेच, सोळा-सोळा येतात, आणि कुठलंही बटण दाबा, निरोप साडेसदुसष्ट मिलिसेकंदांतच संपतो. मला हे गणित फार आवडतं. कुणीतरी कागदावर बसून जमवलेलं आहे.

पत्ता आहे म्हणूनच आपल्या डिशच्या रिमोटने शेजारचा एसी सुरू होत नाही. आणि युनिव्हर्सल रिमोट म्हणजे दुसरंतिसरं काही नसून अनेकांचे पत्ते पाठ असलेला रिमोट. सोबतच्या कागदावर कंपनीच्या नावापुढे चार आकडी नंबर छापलेले असतात. तो नंबर टाकला की त्या कंपनीचं कोष्टक लागू होतं. कागद हरवला तर शोधाचा मार्ग असतो: रिमोट एकामागून एक सगळ्या कंपन्यांचा 'बंद हो' हा हुकूम सोडत जातो आणि टीव्ही बंद झाला की आपण त्याला थांबवायचं. आपला हात नेहमी उशिरा पोचतो, दोन नंबर पुढे गेलेले असतात, मग एकेक करून मागे यायचं. अशा यंत्राचा आद्य नमुना म्हणून स्टीव्ह वॉझ्नियॅकच्या 'कोअर'चं नाव घेतात. अ‍ॅपलचा हा सहसंस्थापक तिथून बाहेर पडला आणि १९८७ साली त्याने कोड शिकणारा हा रिमोट बाजारात आणला. गड्याने चक्क संगणकाचा प्रोसेसर घातला होता त्यात.

चार आकडी नंबर पहिल्याच दिवशी लागला. आवाज कमीजास्त, टीव्ही चालू-बंद, सगळं झालं. अडलं ते दारांपाशी.

टीव्हीच्या बहुतेक रिमोटांवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' हे एकच बटण असतं, आणि त्याचा अर्थ 'पुढच्या दाराशी जा' असा आहे. कुठून पुढे, ते टीव्हीला माहीत, रिमोटला नाही. आता कल्पना करा, एसटी महामंडळाने नियम बदलला: यापुढे एकच बेल, आणि तिचा अर्थ 'आत्ता जे करतोयस त्याच्या उलट कर'. गाडी उभी असेल तर निघेल, चालू असेल तर थांबेल. कंडक्टर गर्दीत मागे अडकलाय, काचेवर पाऊस आहे, आणि समजा, रिमोटसारखंच त्यालाही गाडी चालू की उभी हे कळत नाही. त्याने बेल द्यावी की नाही? आपल्या रिमोटांवरचं लाल पॉवरचं बटण नेमकं असं आहे. चालू टीव्ही बंद करतं, बंद टीव्ही चालू करतं. माणूस पडद्याकडे बघून दाबतो म्हणून चालून जातं. एका बटणामागे हुकमांची रांग लावायची झाली की तिथे बघणारं कुणी नसतं.

मी आधी साधा हिशेब केला. लाल बटणावर 'सोर्स, सोर्स, ओके' अशी रांग बसवली. स्टिकवरून सेट टॉप बॉक्सवर यायला ती चालली. मग पुतण्याने गेम लावून सोडला आणि आईने लाल दाबलं, तर स्टिक लागली. त्यातून आमचा टीव्ही जास्तच चलाख निघाला: पहिल्याच दाबाला यादी उघडून पुढेही सरकतो, आणि ज्या दाराला जोडलेलं यंत्र झोपलेलं असेल ते दार गाळून पुढे जातो. म्हणजे पावलं मोजण्यातही अर्थ नाही. पुतण्या म्हणाला, "काका, यादी बघून करायचं असतं ते." आईला चष्म्याशिवाय यादीच दिसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

एक जुनी युक्ती आहे, पक्की नाही पण कामाची. बऱ्याच टीव्हींवर चॅनेल वाढवण्याचं बटण दाबलं की टीव्ही, कुठेही असो, थेट आपल्या अँटेनाच्या दाराशी येतो. म्हणजे आधी चॅनेलचं बटण दाबून ठरलेल्या ठिकाणी यायचं आणि तिथून पावलं मोजायची. वाट चुकलेल्या माणसाने आधी वेशीवरच्या मारुतीपाशी यावं आणि तिथून घर शोधावं, तसं. दारं गाळणाऱ्या टीव्हीवर मात्र हीसुद्धा फसते. आमच्याकडे फसली.

खरा तोडगा टीव्हीच्या पोटातच होता. हुकमाला आठ खुणा, म्हणजे २५६ वेगवेगळे हुकूम शक्य. रिमोटवर बटणं पन्नासच्या आसपास. उरलेल्या जागांपैकी कित्येकांवर कंपन्यांनी असे हुकूम ठेवलेले असतात की ज्यांना रिमोटवर बटणच दिलेलं नाही. 'चालू हो', चालू असशील तर चालूच राहा. 'बंद हो'. 'एचडीएमआय वनवर जा'. 'टूवर जा'. घरभर पडदे आणि स्पीकर बसवून देणाऱ्या कारागिरांना आणि हॉटेलांना असेच नेमके हुकूम लागतात. उदाहरणार्थ, एलजीच्या बऱ्याच टीव्हींमध्ये 'चालू-बंद' हा नेहमीचा हुकूम २०डीएफ१०ईएफ असा लिहितात. नुसतं चालू करणारा २०डीएफ२३डीसी, नुसतं बंद करणारा २०डीएफए३५सी, आणि 'एचडीएमआय टू'चा २०डीएफ३३सीसी. आकडे सोळाच्या पायावर लिहिलेले आहेत. २० आणि डीएफ ही सुलट-उलट जोडी, ३३ आणि सीसी ही दुसरी. कुठलीही जोडी मिळवा, बेरीज एफएफच येते.

एलजीचं नाव निघालंच आहे तर थोडं आडवळण घेतो. इथून चाकण, शिक्रापूर करत गेलं की रांजणगाव लागतं. महागणपतीचं देऊळ तिथलंच, आणि तिथल्याच एमआयडीसीत एलजीचा कारखाना आहे. या एलजीने १९९५ मध्ये अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचा मोठा हिस्सा घेतला आणि १९९९ पर्यंत ती पूर्ण ताब्यात घेतली. टीव्हीच्या बिनतारी रिमोटचा जन्म झेनिथच्या घरातला. १९५५ मध्ये त्यांच्या युजीन पॉली यांनी 'फ्लॅश-मॅटिक' काढला: हातात पिस्तुलासारखी विजेरी, टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशग्राही डोळे. ज्या कोपऱ्यावर झोत टाकू ते काम होई. अडचण एकच, ऊन पडलं की टीव्ही आपला आपणच चॅनेल बदलायचा. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी 'स्पेस कमांड' आणला. त्याला सेलच नव्हते. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर पडायची आणि माणसाला ऐकू न येणारा उंच नाद निघायचा. चार कांड्या, चार नाद. म्हणजे ती अक्षरशः बेलच होती. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी ती कधी कधी वाजल्यासारखी व्हायची, तो भाग वेगळा.

आमच्या टीव्हीचे लपलेले हुकूम शोधून कागदावर उतरवले. ते नव्या रिमोटला शिकवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. शिकवण्याची रीत आपल्याकडे तशी घरोघरी आहे, फक्त कुणाच्या लक्षात नसते. डिशच्या किंवा केबलच्या रिमोटवर वरच्या बाजूला चार-पाच वेगळी बटणं असतात ना, टीव्हीचा आवाज, पॉवर, टीव्ही-एव्ही आणि कडेला 'सेट'? ती कोरी पाटी असते. 'सेट' धरून ठेवायचं, लाल दिवा लागला की सोडायचं. जे बटण शिकवायचं ते एकदा दाबायचं, दिवा लुकलुकतो. मग टीव्हीचा रिमोट त्याच्या समोर, डोक्याला डोकं लावून, दोनेक बोटांचं अंतर ठेवून धरायचा आणि हवं ते बटण दाबायचं. दिवा भराभर चमकला की पाठ झालं. शेवटी पुन्हा 'सेट'. कंपनीगणिक क्रम थोडा बदलतो, पण मासला हाच. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली बसून शिकवू नये, आजूबाजूचे किरण पाठात मिसळतात. सेल नवे हवेत. आणि बटण थोडक्यात दाबायचं. धरून ठेवलं तर काही रिमोट पुनरुक्तीची खूणच पाठ करून बसतात आणि मग भलतंच बोलतात.

पण शिकणारा रिमोट दुसरा जे बोलेल तेवढंच शिकतो, आणि टीव्हीच्या रिमोटला तर ती बटणंच नाहीत. इथे वरच्या मजल्यावरची पोरं उपयोगी पडली. शाओमीच्या बऱ्याच फोनांना डोक्यावर अवरक्त दिवा असतो, रेडमी नोटवाल्यांनी एसी चालवून पाहिलेला असेल. एकाच्या फोनवर कागदावरचा कोड जसाच्या तसा पाठवणारं अ‍ॅप घातलं. फोनने टीव्हीला 'एचडीएमआय वन' म्हटलं आणि यादी न उघडता, काही न विचारता टीव्ही थेट सेट टॉप बॉक्सवर आला. पुन्हा म्हटलं, जागचा हलला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग फोन आणि रिमोट समोरासमोर धरून एकेक हुकूम पाठ करून घेतला. ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांनी तो तीन पायांचा मणी, एक अर्डुइनो बोर्ड आणि एक अवरक्त दिवा जुळवला तरी हेच काम होतं. या पट्ट्यात ते जुळवून देणारा प्रत्येक इमारतीत एक तरी सापडेल.

आता लाल बटणाची रांग अशी झाली: 'टीव्ही, चालू हो', थांब, 'एचडीएमआय वनवर जा'. यातलं 'थांब' फार महत्त्वाचं. हल्लीचा टीव्ही म्हणजे भिंतीवर टांगलेला संगणक. पडदा उजळला म्हणजे तो जागा झाला असं नाही. आमचा सात-आठ सेकंद कुणाचंच ऐकत नाही. तेवढ्यात पाठवलेला हुकूम हवेत विरतो आणि रिमोटला त्याचा पत्ताही नसतो. दहा सेकंदांची उसंत ठेवली. सेट टॉप बॉक्सला मात्र नुसतं 'चालू हो' म्हणणारा कोड मला मिळालाच नाही. म्हणून तो रांगेतून काढून टाकला आणि कायम चालू ठेवला. थोडी वीज जाते, जाऊ दे.

सगळं जमलं आणि चौथ्या दिवशी पुन्हा हाक आली. मालिका रंगात असताना टीव्ही आपला आपण स्टिकवर गेला. "मी काहीसुद्धा दाबलेलं नाही," आई म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही, हे इथे कबूल करतो.

एचडीएमआयच्या तारेत चित्र आणि आवाजाच्या वाटांशेजारी, तेरा नंबरच्या पिनेवर, एक वेगळी वाट असते. तिचं नाव सीईसी. या वाटेवर यंत्रं एकमेकांशी बोलतात, आणि रिमोटसारखं एकतर्फी नाही. कंपन्यांनी तिला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगचं एनीनेट प्लस, एलजीचं सिम्पलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये यातलं एखादं नाव दिसलं तर ते हेच. स्टिक जागी झाली की या वाटेवर ओरडते, 'आता मी दाखवतेय!' आणि टीव्ही मुकाट्याने तिच्या दाराशी जातो. सगळी यंत्रं अशी बोलकी असती तर युनिव्हर्सल रिमोटची गरजच संपली असती. पण आमचा सेट टॉप बॉक्स या वाटेवर मुका. त्याला स्वतःहून 'मी' म्हणता येत नाही, त्यामुळे स्टिकने ओढून नेलेला टीव्ही परत यायचा नाही.

पण स्टिकला जागं केलं कुणी? तिचा रिमोट तर दोन दिवस कुणाला सापडत नव्हता. तो दिवाणावरच्या लोडाखाली निघाला. स्टिकचा रिमोट स्टिकशी किरणांनी बोलत नाही, ब्लूटूथने बोलतो. त्याला समोरासमोर असावं लागत नाही, लोडाखालून, गोधडीखालूनही चालतो. आई लोडाला टेकली की होमचं बटण दाबलं जायचं. ती खरंच काही दाबत नव्हती. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टिकपुरता सीईसी बंद केला आणि तिची माफी मागितली. "एवढी वर्षं सांगतेय," ती म्हणाली, जरी स्टिक येऊन दीडच वर्ष झालं होतं.

मग तिने कपाटातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि लाल बटणावर, ते आधीच लाल असताना, एक ठिपका दिला. अंधारात बोटाला लागावा म्हणून. संध्याकाळी सातला तिने ते दाबलं. पडदा उजळला, टीव्ही डोळे चोळत बसला. दहा सेकंद तिला कुठून दम धरवणार, तिने पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा. महिन्यापूर्वी एवढ्याने टीव्ही बंद होऊन, चालू होऊन, कुठल्यातरी तिसऱ्याच दाराशी जाऊन बसला असता. या वेळी तीन वेळा 'चालू हो' आणि तीन वेळा 'वनवर जा' गेलं, आणि मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं. जिन्यात वरचा एक पोरगा चपला न घालता अर्ध्यापर्यंत आला होता, तो तसाच परत वर गेला.